गाडी डबलसीट बसून ठरवा

कॉलेजच्या पार्किंगमध्ये नवी गाडी आली की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. दहा जण गोळा होतात. एक जण रेस देऊन आवाज ऐकवतो. दुसरा विचारतो, ‘टॉप किती गेली?’ तिसऱ्याने चार रिव्ह्यू बघितलेले असतात, तो पॉवर आणि टॉर्कचे आकडे पाढ्यासारखे म्हणून दाखवतो. मग कोणीतरी लडाखचं नाव काढतं. दहातला एखादा खरंच लडाखला जातो. बाकीचे नऊ जण त्याच गाडीवर पुढची पाच-सात वर्षं जालना-अंबड, जालना-राजूर आणि सुट्टी मिळालीच तर लोणार-अजिंठा करतात. तेही बहुतेक वेळा डबलसीट.

पण पार्किंगमधल्या या चर्चेत मागे बसणारं माणूस कधी नसतंच.

टूरिंगची गाडी निवडताना आराम, हँडलिंग आणि ॲव्हरेज या तीन गोष्टी बघायच्या, हे सगळेच सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की या तिन्ही गोष्टी दोन माणसं बसवून आणि आपल्याच रस्त्यावर तपासा. तसं केलं तर तुमच्या यादीतला पहिला नंबर बदलू शकतो. माझा बदलला.

लोणारची फेरी

मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही सहा जण तीन गाड्यांवर लोणारला गेलो. मंठ्यावरून गेलो, सिंदखेडराजावरून परतलो. जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर. एक १०० सीसीची गाडी होती, मैत्रिणीच्या पप्पांची. दुसरी क्रूझर, म्हणजे सीट खाली आणि पाय पुढे सोडून बसायची. तिसरी ॲडव्हेंचर प्रकारातली, उंच, पुढचं चाक मोठं. कंपन्यांची नावं मुद्दाम सांगत नाही. तिन्ही गाड्या वापरलेल्या होत्या, आणि एका दिवसावरून कोणाला पास-नापास करणं बरोबर नाही. आम्ही एकच नियम ठेवला होता, दर तीस किलोमीटरला गाडी बदलायची आणि पुढचा मागे, मागचा पुढे.

पहिल्या तीस किलोमीटरला क्रूझरवर बसायला भांडणं झाली. साठ किलोमीटर झाल्यावर तिच्या मागच्या सीटवर कोणी बसेना. खड्डा आला की धक्का थेट कमरेत. यात गाडीचा दोष नाही, तो बसण्याच्या पद्धतीचा भाग आहे. पाय पुढे असले की खड्ड्यावर पायांवर जोर देऊन अंग थोडं उचलता येत नाही, सगळं वजन माकडहाडावर राहतं. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर हीच बैठक आरामखुर्चीसारखी वाटते. ॲडव्हेंचरवर खड्डे जाणवत नव्हते, पण मागे चढताना प्रत्येक वेळी पुढच्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे आणि ब्रेक लागला की मागचा पुढच्याच्या पाठीवर. १०० सीसीच्या गाडीची सीट लांब आणि सपाट, तासभर काही त्रास नाही. पण सत्तरच्या पुढे नेली की हँडल आणि फूटरेस्टला थरथर सुरू, आणि दोघांच्या मध्ये बॅग आली की दोघंही अवघडलेले.

संध्याकाळी जालन्यात चहाच्या गाड्यावर आम्ही मार्क दिले. चालवणाऱ्याचे वेगळे, मागे बसणाऱ्याचे वेगळे. दोन्ही याद्यांचा पहिला नंबर एक नव्हता. रिव्ह्यूमध्ये मात्र आपल्याला पहिलीच यादी दिसते, कारण तिथे गाडीवर बहुतेक वेळा एकटाच माणूस असतो.

आराम म्हणजे काय बघायचं?

आराम म्हणजे मऊ सीट नव्हे. फार मऊ सीट पहिल्या दहा मिनिटांत आवडते आणि तासाभराने दबून तळाला टेकते. बघायचं ते शॉकअप किती खाली-वर होतो, म्हणजे ट्रॅव्हल किती. रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० ला पुढे १३० मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, हिमालयन ४५० ला २००, हिरोच्या एक्सपल्स २०० फोर-व्हीला १९०. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत इतका फरक आहे, कारण दोन्ही वेगवेगळ्या रस्त्यांसाठी बनवल्या आहेत. तुमचा रस्ता कोणता, हे कंपनीला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असतं.

मागच्या शॉकअपला नॉच असतात. डबलसीट जाताना ते घट्ट करायचे आणि एकटे असलात की सैल. आमच्या गल्लीतले गॅरेजवाले चाचा सांगतात, की दहातली नऊ पोरं गाडी विकेपर्यंत त्या नॉचला हात लावत नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे. चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळ एक स्टिकर असतो, त्यावर एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी टायरमधली हवा वेगळी लिहिलेली असते. तोही कोणी वाचत नाही. आणि शॉकअप परदेशातून येतात असं समजू नका. ते बनवणारी एन्ड्युरन्स आपल्या शेजारच्या वाळूजची. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ सालचा.

आता मागे बसणाऱ्याच्या हाता-पायांचं बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ आणि फूटरेस्ट हवं, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. म्हणजे आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात आपण काय करतो? लूक खराब होतो म्हणून साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतो. मग आई ओढणी किंवा पदर सांभाळत मागे बसते, आणि आपण तिला म्हणतो, ‘नीट धरून बस.’ धरायचं कशाला, हे सांगत नाही.

हँडलिंग ताशी ५०० मीटरवर

हँडलिंग म्हटलं की डोळ्यांसमोर घाटातलं वळण येतं, गुडघा जमिनीला लागतोय की काय असं. आपल्या जिल्ह्यात हँडलिंगची परीक्षा वेगळी आहे. ऑक्टोबरमध्ये भोकरदनकडे जा, रस्त्याच्या कडेने मका वाळत घातलेला असतो. दाणे डांबरावर आले की टायरखाली छऱ्यांसारखे फिरतात. अंबड-घनसावंगीकडे हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, रात्री कित्येकींना मागे दिवा नसतो. पावसाळ्यात शेतरस्त्यावर काळी माती मडगार्डमध्ये बसते आणि चाक जाम होतं. तिथे पॉवरचा काही उपयोग नाही, मडगार्ड उंच असणं उपयोगाचं.

या सगळ्या ठिकाणी गाडी चालते चालण्याच्या वेगाने. वर मथळ्यात ‘ताशी ५०० मीटर’ लिहिलंय ते गमतीने. गाडी पडते ती बहुतेक अशा वेळी, आणि मागे माणूस असताना. हिशेब साधा आहे. स्प्लेंडर प्लसचं वजन ११२ किलो. दोन माणसं आणि बॅग मिळून १३०-१४० किलो सहज होतात. म्हणजे गाडीवर गाडीपेक्षा जास्त ओझं बसलेलं असतं, तेही बरंचसं मागच्या चाकाच्या अंगाला. पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, ब्रेक मारल्यावर थांबायला वेळ लागतो. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, मीटिऑरचं १९१. त्यांना दोन माणसांचं ओझं तेवढं जाणवत नाही, पण चिखलात किंवा उतारावर तुम्हाला त्या गाड्यांचं ओझं जाणवतं. एक्सपल्स १६० किलोच्या आसपास, मधोमध. यात जिंकलेलं कोणी नाही. कशाच्या बदल्यात काय मिळतंय, एवढंच समजून घ्यायचं.

आणि वेगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलू या. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. त्यावर दुचाकीला परवानगी नाही. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, आणि आपण त्याच्या पुलाखालून जुन्या रस्त्याने जातो. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत मोटारसायकलला चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्यावर कमाल ८० आणि इतर रस्त्यांवर ६० चा वेग ठरवला होता. म्हणजे ज्या गाडीचा टॉप स्पीड १४० आहे म्हणून तुम्ही तीन लाख मोजताय, तो आकडा वापरायला जिल्ह्यात जागाच नाही.

लोणारचे नव्वद किलोमीटर साठने गेलात तर दीड तास, सतत ऐंशीने गेलात तर साधारण एक तास आठ मिनिटं. बावीस मिनिटं वाचली. त्याची किंमत अशी, की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर पावणेदोनपट होतं. मागे बसलेल्या माणसाने या सौद्याला होकार दिलेला नसतो. निदान त्याच्या डोक्यावर हेल्मेट तरी असू द्या. कायद्याने ते मागच्यालाही सक्तीचंच आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकताही येत नाही.

‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न लाजायचा नाही

नवी गाडी बघायला घरातलं मोठं माणूस सोबत आलं आणि त्यांनी सेल्समनला विचारलं, ‘ॲव्हरेज किती देते?’, की आपल्याला कसंनुसं होतं. इतक्या भारी गाडीचं कोणी ॲव्हरेज विचारतं का! तर, विचारतं. विचारायलाच पाहिजे. पण हिशेब पूर्ण करायला पाहिजे.

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. १०० सीसीची गाडी ६० ची ॲव्हरेज देते असं धरू, २०० ची ३८, आणि ४५० ची २८. तुमच्या हातावर आकडे थोडे इकडे-तिकडे होतील. लोणारच्या १८० किलोमीटरला पहिलीला ३१५ रुपये लागतात, दुसरीला साधारण ५००, तिसरीला ६७५. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग यांच्यातला फरक ३६० रुपये, दोघांत वाटला तर १८०. महिन्यातून एकदा एवढा खर्च कोणालाही परवडेल. म्हणजे टूरसाठी ॲव्हरेज हा मोठा मुद्दा नाहीच.

मोठा मुद्दा रोजचा आहे. अंबडहून रोज जालन्याला कॉलेजला येणारा मुलगा जाऊन-येऊन ५५ किलोमीटर चालवतो असं धरा. महिन्याचे २५ दिवस. १०० सीसीवर महिन्याला सुमारे २,४०० रुपये, २०० वर ३,८००, ४५० वर ५,१५०. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत फरक २,७५० रुपयांचा, दर महिन्याला. आता त्यात हप्ता घाला. २ लाखांचं कर्ज, ३ वर्षं, साडेदहा टक्के व्याज, म्हणजे महिना साधारण ६,५०० रुपये. टूरिंग बाईक आपण वर्षातल्या बारा दिवसांसाठी घेतो आणि तिचे पैसे उरलेल्या साडेतीनशे दिवसांत फेडतो. आणि फेडतो म्हणजे ‘आपण’ नाही. कापूस किंवा मोसंबी विकून आलेले पैसे असतात, नाहीतर कोणाच्या तरी पगारातली कपात.

आणखी एक आकडा. हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची, स्प्लेंडरची ९.८ लिटरची. वरच्याच हिशेबाने पहिली फुल्ल टाकीत ४७६ किलोमीटर जाते, दुसरी ५८८. जिला टूरिंगची म्हणून कोणी मोजत नाही, ती एका टाकीत लांब जाते.

सरकारनेही एक रेषा आखली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. म्हणून ३४९ सीसीच्या मीटिऑरवर कर कमी लागतो आणि ४५२ सीसीच्या हिमालयनवर दुपटीहून जास्त. किंमत विचारताना शोरूमची नाही, रस्त्यावर येईपर्यंतची विचारा, विम्यासकट.

सीटची उंची कोणाच्या मापाची?

मी पाच फूट एक इंच आहे. लोणारहून परतताना ॲडव्हेंचर गाडी माझ्या वाट्याला आली. चालवताना मजा आली, पण सिंदखेडराजाच्या चौकात थांबले तर एका पायाची फक्त बोटं टेकत होती आणि मागे मैत्रीण. तिने उतरून गाडी धरली. कोणी हसलं नाही, पण मी रात्री बसून सगळ्या गाड्यांच्या सीटची उंची शोधली. हिमालयन ४५० ची ८२५ मिलिमीटर, ती ८४५ पर्यंत वाढवता येते. एक्सपल्स २०० फोर-व्हीची ८२५. क्लासिक ३५० ची ८०५. मीटिऑरची ७६५. बजाज ॲव्हेंजर क्रूझ २२० ची ७३७.

मुलींना मोठ्या गाड्या झेपत नाहीत, असं अजूनही ऐकू येतं. झेपण्याचा प्रश्न ताकदीपेक्षा या सहा-सात सेंटिमीटरचा जास्त असतो. तो कमी उंचीच्या मुलांचाही असतो, ते फक्त बोलत नाहीत. पाय टेकत नसेल तर लाज वाटायचं कारण नाही. सीट खाली करता येते का ते विचारा, नाहीतर दुसरी गाडी बघा.

मग सगळ्यांनी स्प्लेंडरच घ्यायची?

नाही. तुम्ही म्हणाल, ही मुलगी हौसेवर पाणी टाकायला बसली आहे. तसं नाही. तुमचं रोजचं चालवणं कमी असेल, तुम्ही खरंच दर महिन्याला तीन-चारशे किलोमीटर लांब जात असाल, स्वतः कमवत असाल, तर मोठी गाडी जरूर घ्या. मोठं इंजिन लांबच्या रस्त्यावर कमी थकवतं, ओव्हरटेक करताना श्वास रोखायला लागत नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, आणि मक्याच्या दाण्यांवर किंवा ओल्या रस्त्यावर ते जीव वाचवू शकतं. हा मोठ्या गाडीच्या बाजूने सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे, टॉप स्पीडपेक्षा कितीतरी भक्कम.

पण वर्षातून दोनदाच जाणार असाल, तर त्या दोन वेळा भाड्याने घ्या. १९९७ पासून भाड्याच्या मोटारसायकलसाठी केंद्राची योजना आहे. अशा गाडीची नंबरप्लेट काळी आणि त्यावर पिवळे आकडे. मित्राच्या मित्राची पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे देऊन नेऊ नका, अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. दोन दिवसांच्या भाड्यात जे कळतं, ते दोनशे रिव्ह्यू बघून कळत नाही.

घेण्याआधी चार गोष्टी करा

शोरूममध्ये एकट्याने दोन किलोमीटर फिरवून आणतात, त्यावर समाधान मानू नका. मागे कोणाला तरी बसवून फिरवू द्या म्हणा. नाही म्हटले तर ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याच्याकडून तासभर मागा.

अर्धा तास तुम्ही स्वतः मागे बसा. खड्डे तुम्ही खा.

गाडी बंद करून, मागे माणूस बसवून, अरुंद गल्लीत पायाने मागे-पुढे ढकलून वळवा. घाम फुटला तर चढावर काय होईल ते समजा.

ॲव्हरेज मीटरवर बघू नका. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, शंभर-दोनशे किलोमीटर डबलसीट चालवा, तिथेच परत काठोकाठ भरा. किलोमीटर भागिले लिटर. हे गणित चौथीचं आहे आणि कोणत्याही रिव्ह्यूपेक्षा खरं आहे.

आणि शक्य असेल तर अंगारकी सोडून एखाद्या साध्या दिवशी आईला मागे बसवून राजूरच्या गणपतीला जाऊन या. जालन्याहून जेमतेम पंचवीस किलोमीटर. आमच्या घरी टूरिंग या शब्दाचा अर्थ इतकी वर्षं हाच होता. परत आल्यावर तिला टॉर्क किती, ते सांगू नका. कंबर दुखतेय का, एवढंच विचारा. ती जर म्हणाली, ‘पुढच्या महिन्यात परत जाऊ,’ तर गाडी बघून झाली.